आवाज गहाण ठेवता येतो का?

शिंप्याकडे कापड टाकले किंवा सोनाराकडे सोने दिले, तर काम झाल्यावर मजुरी चुकती करावी आणि आपली वस्तू घरी न्यावी, हा व्यवहार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. मजुरी मिळाली नाही तर कारागीर वस्तू अडवून ठेवतो आणि त्यात कोणालाही अन्याय दिसत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७० व्या कलमाने कारागिराचा हा हक्क मान्य केला आहे. त्या कलमाखाली दिलेली उदाहरणेही पैलू पाडण्यासाठी दिलेल्या हिऱ्याची आणि कोट शिवण्यासाठी दिलेल्या कापडाची आहेत. परंतु एखादा गायक ध्वनिमुद्रकाच्या खोलीत जाऊन गातो, तेव्हा तो नेमके काय देऊन येतो? आवाज तर त्याच्या कंठातच राहतो. मग यंत्रात जे उरते ते कोणाचे? आणि व्यवहारात खटका उडाला, तर ते अडवून ठेवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

हा प्रश्न आता मुंबईच्या मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांपुरता उरलेला नाही. एक काळ असा होता की पनवेलच्या गायकाला गाणे मुद्रित करायचे तर मुंबई गाठावी लागे. आज एक संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि भिंतींना आवाज शोषणारे अस्तर लावलेली खोली एवढ्यावर काम भागते. हळदीची गाणी, आगरी-कोळी गीते, भजनी मंडळांचे अभंग, नाताळाच्या तोंडावर आपल्या धर्मग्रामातील गायनवृंदांची भक्तिगीते असे सारे काही घराजवळच मुद्रित होऊ शकते. सोय वाढली, तसे व्यवहार मात्र अधिक मोघम झाले. "घरचंच काम आहे, पैशाचं नंतर बघू," एवढ्या एका वाक्यावर कित्येक ध्वनिमुद्रणे उभी राहतात. पुढे कोठे पैसे थकतात आणि ध्वनिमुद्रक गाणे देत नाही. कोठे पैसे पोहोचतात, पण गायकाला आपलाच आवाज ओळखू येत नाही. कोठे सरावाच्या वेळचा कच्चा तुकडा कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवरून गावभर फिरतो. अशा वेळी दोन्ही बाजूंची माणसे बहुधा सज्जन असतात, आणि म्हणूनच हा विषय पोलीस ठाण्याच्या आधी नीतिविचाराच्या दारात येतो.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाच्या आरंभीच या नात्याचे स्वरूप दिसून येते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला आले आणि गौहर जान यांचे गाणे त्यांनी मुद्रित केले. त्या काळी गाणाऱ्याला भल्या मोठ्या कर्ण्यासमोर तोंड धरून गावे लागे आणि सुमारे तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीतून आपले नाव उच्चारीत. मूळ मुद्रिका तबकड्या छापण्यासाठी परदेशी जात. तेथील कारागिरांना भाषा कळत नसे, तेव्हा हा आवाज कोणाचा हे त्यांना समजावे, यासाठी ही योजना होती. योजना सोयीची होती, पण तिच्यात एक मोठे तत्त्व नकळत आले. आवाज माणसापासून सुटला की त्याला नाव सोबत द्यावे लागते. नाहीतर तो अनाथ होतो. कापडाला शिंप्याकडे चिठ्ठी लागते ती अदलाबदल होऊ नये म्हणून. आवाजाला नाव लागते ते याहून खोल कारणासाठी. कापड हे माणसाजवळ असते, तर आवाज हा स्वतः माणूसच असतो. आंधळ्या आईला मुलगा ओळखू येतो तो आवाजावरून. उत्तम मेंढपाळाची मेंढरे त्याच्यामागून जातात तीही त्याचा आवाज ओळखतात म्हणून, असे प्रभू येशूने योहानाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे.

आवाज म्हणजे माणूस, हे मान्य केले की पहिली मर्यादा आपोआप स्पष्ट होते. ती संमतीची. केसरबाई केरकर यांनी मोजक्याच ध्वनिमुद्रिका दिल्या. गोव्याच्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या गायिकेची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. जिने जगाला आपला आवाज इतका हात राखून दिला, तिचाच आवाज माणसाने सर्वांत दूर धाडावा, हा योग विलक्षण खरा. पण त्यातून निघणारा बोध असा की, ध्वनिमुद्रणाला नकार देणाऱ्या कलावंताला आपण हेकट ठरवू नये. आपले कोणते गाणे टिकावे आणि कोणते हवेत विरून जावे, हे ठरविणे हाही गाण्याचाच भाग आहे. ध्वनिमुद्रक कितीही रसिक असला, "हे हरवले तर केवढे नुकसान होईल" असे त्याला कितीही प्रामाणिकपणे वाटले, तरी लपवून यंत्र चालू ठेवण्याचा अधिकार त्या रसिकतेतून उत्पन्न होत नाही. चोरी ही प्रेमापोटी केली तरी चोरीच.

आपल्या धर्मसभेला या मर्यादेची जाण फार पूर्वीपासून आहे. प्रायश्चित्त संस्कारात जे बोलले जाते ते यंत्राने मुद्रित करणे हा गंभीर अपराध होय, असे १९८८ मध्ये रोमहून जाहीर झाले. आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या धर्मसंहितेच्या १३८६ व्या कलमातही तो अपराध नोंदलेला आहे. गाण्याची खोली म्हणजे पापनिवेदनाची जागा नव्हे, ही तुलना फार ताणू नये. तरीही दोन्हींत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी माणूस दुसऱ्या माणसाच्या विश्वासावर स्वतःला उघडे करतो. बंद काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाला गायकाचे ते सारे ऐकू येते जे श्रोत्यांना कधीच कळू नये: सातव्या वेळीही न लागलेला षड्ज, चुकलेला शब्द, साथीदारावर काढलेला राग, दोन गाण्यांमधला घरचा फोन, कधी थकव्याने आलेले रडू. त्याच्या यंत्रात हे सर्व जमा होते. म्हणून ध्वनिमुद्रकाचा पहिला धर्म मौनाचा आहे. तो कोणी कागदावर लिहून घेतलेला नसला तरी त्याला बांधून असतो. वैद्याने रोग्याचा आजार चव्हाट्यावर मांडू नये, तसाच हा नेम.

दुसरी मर्यादा बदलाची. येथे प्रश्न अधिक अवघड होतो. कारण संपूर्ण निर्विकार ध्वनिमुद्रण असे काही नसतेच. मायक्रोफोन कंठापासून एक वीत ठेवला की दोन हात, यावरच आवाजाचा पोत बदलतो. परळच्या राजकमल कलामंदिरात ध्वनिमिश्रण करणारे मंगेश देसाई हे हिंदी चित्रसृष्टीत मान्यता पावले, ते बटणे दाबण्यात वाकबगार होते म्हणून नव्हे. काय पुढे आणावे आणि काय मागे ठेवावे याचा विवेक त्यांच्या कानाला होता. तेव्हा ध्वनिमुद्रकाला केवळ हमाल समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे. परंतु तो गायकाचा धनीही नव्हे. मग त्याची जागा कोणती?

मला येथे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची आठवण होते. हा ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला. पुढे त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो हस्तलिखितांच्या आधाराने. कोणी तो रोमन लिपीत उतरविला, कोणी देवनागरीत. त्या लेखनिकांची नावे आपल्या ओठांवर नाहीत, पण त्यांच्या हाताच्या इमानावर हे महाकाव्य तगले. लेखनिकाने अक्षर सुबक काढावे, शाई चांगली वापरावी, चुकून राहिलेला काना द्यावा. पण ओवी मात्र बदलू नये. ध्वनिमुद्रक हा आजच्या काळातील लेखनिक आहे. त्याचे अक्षर त्याचे स्वतःचे असते, ओवी दुसऱ्याची असते.

काना देणे कोठे संपते आणि ओवी बदलणे कोठे सुरू होते, हे मात्र नेहमीच उघड नसते. १९९७ मध्ये ऑटोट्यून नावाची प्रणाली बाजारात आली आणि बेसूर स्वर यंत्रानेच सुरात बसविणे सोपे झाले. तेव्हापासून हा वाद चालू आहे. काहींच्या मते हे सरळ असत्य आहे. मला ते इतके सरळ वाटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनानुसार आपल्या मनात जे आहे त्याच्या विरुद्ध विधान करणे म्हणजे असत्य बोलणे. म्हणून ध्वनिमुद्रणाबाबत पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे: ही मुद्रिका श्रोत्याला कोणते विधान करीत आहे? चित्रपटातले गाणे तुकड्यातुकड्यांनी जुळविलेले असते हे आज सर्वांना ठाऊक आहे. तेथे एक स्वर सावरला म्हणून कोणाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ नंतर जाहीर मैफली सोडल्या आणि जोडकाम हेच आपल्या कलेचे प्रामाणिक साधन आहे असे उघडपणे मांडले. त्यांत कपट नव्हते. परंतु "प्रत्यक्ष मैफल" असे शीर्षक देऊन तीन दिवसांच्या ताना एकत्र सांधल्या, किंवा गायन स्पर्धेसाठी पाठवावयाच्या मुद्रणात उमेदवाराचा सूर यंत्राने सरळ केला, तर तेथे विधान खोटे ठरते. त्याचा भार गायक आणि ध्वनिमुद्रक या दोघांवरही पडतो. "मला सांगितले म्हणून केले" हे उत्तर अशा वेळी पुरत नाही.

उलट दिशेचे पापही तितकेच खरे आहे: गायकाला न विचारता त्याचा आवाज "सुधारणे". एखाद्या वृद्ध भजनी बुवांचा घोगरा खर्ज ध्वनिमुद्रकाला दोष वाटतो आणि तो घासूनपुसून गुळगुळीत करतो. बुवांना मात्र तो खर्ज पन्नास वर्षांच्या काकडआरत्यांनी दिलेला असतो. आपल्या देशाच्या लेखाधिकार कायद्यात २०१२ साली ३८-ब हे कलम आले. त्यानुसार कलावंताने आपले हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही दोन गोष्टी त्याच्याजवळ राहतात: आपले नाव लावले जाण्याचा हक्क, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की, संपादनासाठी वा कालमर्यादेत बसविण्यासाठी काही भाग गाळला, किंवा निव्वळ तांत्रिक कारणास्तव बदल केला, तर तो बाध आणणारा समजू नये. कायद्याने येथे योग्य तेवढेच केले. पण तांत्रिक कारण कोणते आणि आवडीनिवडीचे कोणते, हा निवाडा त्याने कारागिराच्या विवेकावर सोडला. कायदा जेथे थांबतो तेथून पुढे सदसद्विवेकबुद्धीची हद्द सुरू होते. तेथे एकच नियम मला विश्वासार्ह वाटतो: जो बदल आपण गायकाला त्याच्या तोंडावर सांगू शकत नाही, तो करू नये.

तिसरा विषय मोबदल्याचा. १९६० च्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात मानधनावरून मतभेद झाला आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबविले. गाणे जोवर विकले जाते तोवर गायकाला त्यातला हिस्सा मिळावा, असे लताबाईंचे म्हणणे. गाण्याचे ठरलेले पैसे हाती आले की आपला हक्क संपला, अशी रफीसाहेबांची भूमिका. दोघांपैकी कोणीही लोभी नव्हते. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दृष्टांत आठवला तर रफीसाहेबांची बाजू पटते. ठरलेला दिनार मिळाल्यावर कुरकुर कशाला? परंतु तोच दृष्टांत नीट वाचला तर मालकाचा न्याय करारापाशी थांबत नाही. शेवटच्या घटकेला आलेल्यालाही घरी चूल पेटवायची आहे, हे तो पाहतो. परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात हाच धागा पुढे नेला. मालक आणि मजूर यांनी खुशीने करार केला म्हणून तो न्याय्य होतोच असे नाही. दोघांच्या संमतीहूनही जुना असा एक नैसर्गिक न्याय आहे, आणि गरजेपोटी पत्करलेली अपुरी मजुरी ही त्याची पायमल्ली आहे, असे त्यांनी शिकविले. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथानेही करार पाळण्याची सक्ती सांगताना तो करार नीतीला धरून असला पाहिजे, ही अट घातली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरात गायकांना स्वामित्वधनाचा वाटा मान्य केला, तेव्हा लताबाईंच्या मागणीला कायद्याने अर्धशतकानंतर होकार दिला असे म्हणता येईल.

याच कायद्यात ध्वनिमुद्रकाला काय मिळते? ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो: ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गायकाला कलावंत म्हणून हक्क आहेत. काचेपलीकडे रात्र जागवणाऱ्या माणसाचे मात्र त्यात वेगळे स्थान नाही. त्याला जे काही मिळायचे ते करारानेच मिळते. म्हणून जेव्हा एखादे मंडळ पैसे देण्यास टाळाटाळ करते, तेव्हा त्याच्या हाती उरलेले एकमेव हत्यार म्हणजे त्याच्याजवळचे मुद्रण. ते अडवून ठेवणाऱ्याला आपण पटकन दुष्ट म्हणतो. त्याच्या घरभाड्याचा आणि विजेच्या बिलाचा विचार आपल्या मनात येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आवाज गहाण ठेवता येतो का? या प्रश्नावर मला सर्वांत मोठा प्रकाश मिळाला तो जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात. तेथे गहाणाविषयी आणि मजुरीविषयी काही आज्ञा जवळजवळ आल्या आहेत. जाते किंवा जात्याची वरची तळी कोणी गहाण घेऊ नये. कारण ते त्या माणसाचे जीवनच गहाण घेणे होय. धनकोने गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, तो स्वतः आणून देईल. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळताना परत करावे, म्हणजे तो ते पांघरून झोपेल. आणि लगेच पुढे: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी; कारण त्याचे मन तिच्यावर लागलेले असते.

आपल्या वादातील दोन्ही पक्षांना या अध्यायात स्थान आहे. सूर्यास्ताआधीची मजुरी ही ध्वनिमुद्रकाची आहे. "नाताळ होऊन जाऊ दे, मग बघू," असे म्हणणाऱ्या गायनवृंदाने ही आज्ञा मोडलेली असते, मग गीते कितीही भक्तिपूर्ण असोत. पण ज्याची मजुरी थकली त्यालाही मोकळीक नाही. घरात न शिरण्याची आज्ञा त्याला सांगते की, गायकाचे जे खाजगी आहे, ते कच्चे तुकडे, चुका, मधले बोलणे, त्यांना वसुलीसाठी हात लावू नये. "पैसे द्या नाहीतर हे बाहेर काढीन" ही धमकी म्हणजे घरात घुसून ओढून नेलेले गहाण होय. पांघरुणाची आज्ञा सांगते की काही गोष्टी अडवता येतात, पण अल्पकाळ आणि समोरच्याची गरज पाहून. पूर्ण केलेले मिश्रण, ज्यात ध्वनिमुद्रकाचे श्रम ओतलेले आहेत, ते पैसे येईपर्यंत हाती ठेवणे यात मला अन्याय दिसत नाही. मात्र उद्या ज्या सोहळ्यासाठी ते केले तो सोहळा बुडवून सूड उगवणे हे त्या पांघरुणाशिवाय कुडकुडविणे आहे. आणि जात्याची आज्ञा शेवटची सीमा घालते. मुद्रण अडवणे, मुद्रण प्रसिद्ध करणे आणि मुद्रण पुसून टाकणे या तीन कृती एकाच रागातून निघाल्या तरी त्यांचे नैतिक वजन वेगवेगळे आहे. पहिली काही अटींवर क्षम्य आहे. दुसरी विश्वासघात आहे. तिसरी तर जे पुन्हा घडू शकत नाही त्याचा नाश आहे, आणि कोणत्याही थकबाकीने तिचे समर्थन होत नाही.

जाते म्हटले की मराठी माणसाला ओवी आठवते, आणि येथे हा प्रश्न आपल्या मातीत येतो. पुण्यात हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येथे आलेले गी प्वातवँ यांनी अनेक वर्षे खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील शेकडो स्त्रियांचे आवाज मुद्रित झाले. १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जमले. २०१७ पासून हे धन परी या ग्रामीण भारतावरील संग्रहाने लोकांसमोर आणले, आणि तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव दिले जाते. ओवी कोणा एकीची नसते हे खरे. पण गळा एकीचाच असतो. गौहर जान यांना जे नाव स्वतः उच्चारावे लागले ते या माउलींसाठी संग्राहकांनी लिहून ठेवले. ध्वनिमुद्रकाच्या सचोटीचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

पनवेल-उरण भागात आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण धवले गाते. ही परंपरा फार जुनी आहे. तेराव्या शतकात महदंबेने रचलेले धवळे मराठी काव्याच्या उगमाशी उभे आहेत. समजा, अशा एखाद्या वृद्ध धवलारणीकडे गावातलाच तरुण मायक्रोफोन घेऊन जातो. "आजी, जरा गाऊन दाखवा ना," म्हणतो, आजी गाते. तरुण पुढे त्या आवाजाखाली ढोलताशांचा ठेका घालतो, आणि हळदीच्या रात्री ते गाणे दणाणते. आजीचे नाव कोठेच नाही. तरुणाने वाईट हेतूने काही केले असे नाही. "आपलीच आजी, आपलंच गाणं" हेच त्याचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने आजी ही कलावंत आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याला हक्क दिले, ते तिलाही लागू होतात. अभ्यासासाठी वा स्वतःपुरते मुद्रण करण्यास कायदा मोकळीक देतो, बाजारासाठी नव्हे. पण कायद्याहून मोठी गोष्ट अशी की, ती धवले विधी म्हणून गाते. लग्न लागताना गायचे गाणे नाचासाठी वाजले तर तिला काय वाटेल, हे विचारायचे राहून गेले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली यांसारखी गावे उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या अंगणांत मांडव पडत ती अंगणेच राहिली नाहीत. अशा वेळी कोणा धवलारणीचे मुद्रण हे तिच्या गावाचे जाते असते. ते विकणे, विद्रूप करणे किंवा निष्काळजीपणे पुसून टाकणे म्हणजे वरची तळी उचलून नेणे.

आता तर आवाजाची नक्कलच यंत्र करू लागले आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्यांचा आवाज परवानगीवाचून उभा करण्यास अंतरिम मनाई केली. प्रसिद्ध गायकाला न्यायालय गाठता येते. आपल्या गायनवृंदातील मुलीचा चार तासांचा स्वच्छ आवाज कोणाच्या तरी संगणकात पडून असतो. तिच्यासाठी न्यायालय म्हणजे त्या संगणकाजवळ बसलेल्या माणसाची सचोटी.

"आपल्याच माणसांत लेखी करार कसला? तो तर अविश्वास," असा आक्षेप नेहमी येतो. पवित्र शास्त्राच्या दोन्ही भागांना आपण मराठीत करार म्हणतो, हे अशा वेळी आठवावे. देवाने माणसावर प्रेम केले म्हणून करार टाळला नाही. प्रेम केले म्हणूनच तो केला. आणि अब्राहामाची गोष्ट पाहा. सारेच्या दफनासाठी त्याला जमीन हवी होती. एफ्रोन सौजन्याने म्हणाला की आपल्या दोघांत चारशे शेकेल रुप्याची काय मातब्बरी. अब्राहामाने त्याचा मान राखला, पण रुपे सर्वांसमक्ष तोलून दिले आणि शेताची हद्द ठरवून घेतली. "घरचंच काम" या शब्दांत लपलेला धोका त्या वृद्धाने ओळखला होता. मोघम औदार्य पुढच्या पिढीला भांडण म्हणून मिळते.

म्हणून करार लहान असावा, पण काम सुरू होण्याआधी असावा. एका पानावर मावतील एवढ्याच गोष्टी: किती पैसे, केव्हा, कितीदा बदल करून मिळणार, अखेरचा शब्द कोणाचा, कच्चे मुद्रण कोण ठेवणार, किती काळ, आणि नंतर त्याचे काय, गाणे कोठे कोठे वापरायचे, आणि नावे कोणाकोणाची, त्यांत ध्वनिमुद्रकाचेही. ज्याला वाचता येत नाही त्याला हे पान वाचून दाखवावे, त्याच्या बोलीत समजावून सांगावे. कारण न कळलेली संमती ही संमती नव्हे. जो अधिक जाणतो त्याची जबाबदारी अधिक असते. यंत्राबाबत ती ध्वनिमुद्रकाची आहे, पैशाबाबत ती निर्मात्याची किंवा धर्मग्राम समितीची आहे.

एवढे करूनही सारे लिहून होणार नाही. काचेच्या अलीकडे आणि पलीकडे बसलेल्या दोघांत असे पुष्कळ काही घडते ज्याला कलम नाही: गायक थकला हे ओळखून "थोडं पाणी घ्या, घाई नाही" म्हणणे, नको असलेला तुकडा गायकाच्या देखत पुसणे, गाणे गाजल्यावर व्यासपीठावरून ध्वनिमुद्रकाचे नाव घेणे. करार या गोष्टी निर्माण करू शकत नाही. त्यांच्यासाठी तो फक्त जागा मोकळी करून ठेवतो. आवाज गहाण ठेवता येत नाही, कारण माणूस गहाण ठेवता येत नाही. तो दुसऱ्याच्या स्वाधीन मात्र करता येतो, विश्वासाने, काही काळ, ठरलेल्या कामापुरता. ज्याच्या स्वाधीन केला त्याने तो राखावा, आणि ज्याने केला त्याने राखणाऱ्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी.